चर्चमधल्या मैफलीत ‘वाः’ म्हणायचं की नाही?

सांजवात_७

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्यावरून घरात चार दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे टाकते.

फेब्रुवारीत आम्ही सहा जण गोव्याला गेलो होतो. सोबत माझे काका. वय ७४, मूळचे मिरजेचे, सवाईची तीसेक वर्षं तरी चुकलेली नाहीत. जुन्या गोव्यात टेकडीवर मोंत चॅपल आहे. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट, झाडीतून वर आलेले चर्चचे बुरूज. सूर्य बुडताना तिथे एकट्या चेलोचं (बसून वाजवायचं, व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य) वादन होतं. जुना जर्मन संगीतकार बाख याचं.

चॅपल लहान, माणसं शे-सव्वाशे. माइक नाही, पंखेही बंद केले होते. आम्ही दुसऱ्या रांगेत, वादक सात-आठ फुटांवर. त्याने ‘बो’ला, म्हणजे गजाला, राळ घासली तेव्हा तिची पूड उजेडात उडताना दिसली. वाजवताना तो नाकाने श्वास घ्यायचा तोही ऐकू येत होता. पहिला भाग संपल्यावर मी टाळी वाजवायला हात उचलले, कोणीच वाजवेना, म्हणून पदर सारखा केला. दुसऱ्या-तिसऱ्या भागानंतरही सगळे गप्प.

चौथा भाग अगदी संथ. शेवटच्या स्वरावर त्याने बो उचलला, हात हवेतच ठेवला, आणि स्वर मात्र वर छताशी रेंगाळत राहिला. त्या क्षणी काका म्हणाले, “वाः! जियो!”

आणि चॅपल म्हणालं, “…यो.”

पुढच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. वादकाने डोळे उघडले. आता वाद असा: काकांच्या मते तो हसला. आत्याच्या मते त्याने तोंड वाकडं केलं. मी मध्ये बसले होते, मला नेमकं त्याच वेळी खाली बघावंसं वाटलं.

तर काकांचं चुकलं का?

बोलघेवडा

“…यो” वर फुटलो. ऑफिसात आहे, बॉसने विचारलं काय झालं.

कडक_इस्त्री

चुकलं. स्पष्ट सांगतो, राग नको. ज्याच्या घरी जेवायला जातो त्याच्या पंगतीचे नियम आपण पाळतो ना? त्या संगीतात दोन भागांमधली शांतता ही संगीताचाच भाग मानतात. स्वर विरत असताना बोलणं म्हणजे समेवर यायच्या आधी मोबाइल वाजणं. मी मुंबईत एनसीपीएच्या मैफलींना पंधरा वर्षं जातोय. पहिल्या भागानंतर टाळ्या पिटणारे दर वेळी दहा-बारा तरी असतात आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गौळण

@कडक_इस्त्री, दुसऱ्याच्या टाळीने तुम्हाला का मेल्यासारखं होतं? तुम्ही वाजवली नाही ना?

कोपऱ्यातली_खुर्ची

इस्त्रीकाका, थोडं पाणी शिंपडते.

हा गप्प बसायचा नियम काही आकाशातून पडलेला नाही. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय. त्यात तो खुशीत सांगतो, की सिम्फनीच्या पहिल्या भागात मधेच एक जागा अशी घातली होती की लोकांना आवडणारच, आणि तिथे लोकांनी चालू वादनात टाळ्यांचा कडकडाट केला. म्हणजे जागा घेतली आणि दाद मिळाली! आपल्याकडे आणखी काय असतं? दोन भागांमध्ये चिडीचूप बसणं हे पुढच्या, एकोणिसाव्या शतकातलं. मेंडेल्सोन, शुमान या जर्मन संगीतकारांना आपली रचना मधे टाळ्यांनी तुटलेली नको होती. पुढे ऑपेरा लिहिणाऱ्या वाग्नरच्या बायरॉइट गावातल्या नाटकगृहात तर १८८२ पासून देवळासारखं वातावरण.

बाख या सगळ्याच्या आधीचा. त्याच्या एकट्या चेलोच्या रचना म्हणजे एक आरंभीचा तुकडा आणि पुढे नाचांचे प्रकार. काकांनी दाद दिली तो चौथा भाग म्हणजे साराबांद असणार, तोही मुळात नाचच. नाचाला कोणी ‘वाः’ म्हटलं तर बाख उठून बसणार नाही.

कडक_इस्त्री

पत्र मान्य. पण मोझार्टची सिम्फनी दरबारी-शहरी मैफलीतली. इथे जागा चर्च आहे. फरक आहे.

लायप्झिगची_लेक

बाख उठून बसण्यावरून आलेच. तो आमच्याच गावात, थोमासकिर्श या चर्चमध्ये पुरलेला आहे. 😀 १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो तिथला कांटोर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथे ‘मोटेट’, म्हणजे गायनासह प्रार्थना, असते. मुलांचा गायकवृंद १२१२ पासूनचा. तिकीट नाही, थोडक्या युरोंत दारात कार्यक्रमपत्रिका घ्यायची की झालं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी अर्धा तास आधी जाऊन अगदी पुढची जागा पटकावली. सुरू झालं तर समोर कोणीच नाही! गाणारी मुलं पाठीमागे वरच्या सज्जात, ऑर्गनपाशी. माना वळवून बघायची सोय नाही, शेजारच्या आजी ताठ बसलेल्या. पंधरा मिनिटं मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. गाणं ऐकायला आलो आणि गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही म्हणजे काय? मग हळूहळू बरं वाटायला लागलं. कोण गातंय, कुठला मुलगा गोंडस आहे, कोणाचा सदरा चुरगळलाय, हे काही नाहीच. आवाज मानेवर पडत होता.

मधे प्रार्थना होती, प्रवचन होतं, एक गीत सगळ्यांनी मिळून म्हटलं. मीही ओठ हलवले. शेवटी माझ्या आसपास कोणी टाळी वाजवली नाही. उठले आणि कोट घालून निघाले. मला ते फार रिकामं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं देऊन त्यांना आपण काहीच परत केलं नाही असं. ट्रॅममध्ये बसल्यावर मी मांडीवर हळूच टाळी वाजवली.

तेव्हा काकांना माझं एक मत.

उमराळ्याचा

मी वसईचा, कॅथलिक, चर्चच्या गायनमंडळात बारा वर्षं. म्हणून घरचा माणूस म्हणून सांगतो.

मिस्सा (प्रार्थनाविधी) चालू असेल तर ‘वाः’ नाहीच. मैफल असेल तर गोष्ट वेगळी. रोमहून १९८७ साली चर्चमधल्या मैफलींविषयी एक पत्रच निघालं होतं. त्यात पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) शक्यतो बाजूच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, किंवा दुसऱ्या सुरक्षित जागी न्यावं, वादकांनी वेदीच्या भागात बसू नये, प्रवेश सगळ्यांना खुला आणि विनामूल्य असावा, असं बरंच आहे. किती ठिकाणी पाळतात हा निराळा विषय. पण ‘वाः’ म्हणू नये असं काही त्यात मला तरी सापडलेलं नाही. 🙂 वेदीपाशी लाल दिवा तेवत असेल, म्हणजे साक्रामेंत तिथेच असेल, तर जरा जपून, एवढं साधं लक्षात ठेवा.

आणि मराठी सूर चर्चला नवा नाही. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली. सुमारे ११ हजार ओव्या, १६१६ साली राचोलला छापल्या, त्याही रोमन लिपीत. आमच्या वसईतही त्या म्हणत. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण उपवासकाळात दुःखसहनाच्या ओव्या ती चुलीपुढे म्हणायची. चाल जात्यावरचीच. मधे आजोबा खोकले तरी थांबायची नाही.

बोलघेवडा

@उमराळ्याचा, हे स्वतंत्र धाग्याचं काम आहे. लिहाच.

डेसिबल

“स्वर छताशी रेंगाळत राहिला” यावर कोणीच काही बोललं नाही. खरा विषय तोच आहे.

१८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेलं कोणाला कळेना. तरुण प्राध्यापक वॉलेस सबाईनला सांगितलं, बघ काय ते. त्याच्याकडे साधनं काय, तर एक ऑर्गनची नळी, एक वेळमापक घड्याळ आणि स्वतःचा कान. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत मांडायच्या, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत. गाद्या वाढल्या तशी वेळ कमी. त्यातून सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकं कमी.

माणूस ही उत्तम गादी आहे. त्यामुळे रिकामं चर्च आणि भरलेलं चर्च ही दोन वेगळी वाद्यं. हिवाळ्यात लोकरी कोट घालून माणसं बसली की तिसरं.

चांगल्या कॉन्सर्ट हॉलमध्ये दोनेक सेकंद घुमणं असतं. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये ते कितीतरी जास्त. आता आपली द्रुत तान घ्या, सेकंदाला आठ स्वर. तीन सेकंद घुमलं तर एका वेळी चोवीस स्वर हवेत. भेळ! म्हणून अशा जागी संथ चालतं. लायप्झिगमध्ये गंमत उलटी आहे. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ आल्यावर, प्रवचन नीट ऐकू यावं म्हणून थोमासकिर्शमध्ये लाकडी सज्जे भरले, घुमणं घटलं, आणि म्हणूनच बाखला इतकी गुंतागुंत लिहिता आली, असं होप बॅगेनाल या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञाचं म्हणणं होतं.

चार_तारा

डेसिबलसाहेब, माहिती छान, पण आमच्या तानांना भेळ म्हणालात म्हणून निषेध.

आपण घुमणारी वास्तू बांधत बसलो नाही, तानपुरा घेतला. गवई जाईल तिथे त्याचं घुमणं गवसणीत घालून सोबत. बाकी तुमचं खरं आहे. मी हौशी गाते. एकदा एका मैत्रिणीच्या ओळखीने बांद्र्याच्या बाजूला दुपारी रिकाम्या चर्चमध्ये पाच मिनिटं गायची परवानगी मिळाली. यमनचा नुसता नि-रे-ग लावला. ग लावून थांबले तर खालचा नि अजून तिथेच! मागे कोणी गातंय की काय असं वाटून वळून पाहिलं. मग मोह झाला आणि तान घेतली. तिची जी काही… बरं, भेळ. निषेध मागे.

झिपरी

चपला!! चपलांचं कोणी बोलत नाहीये.

लंडनला ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समध्ये दुपारी एकच्या मैफलीला आईला घेऊन गेले. मी कोट काढेपर्यंत आई दारात चपला काढून मोज्यांवर आत. “देवाच्या घरात पायताण घालून?” फरशी बर्फ. मी म्हटलं, आई, इथे घालतात. ती म्हणाली, घालोत. तासभर पाय आखडून पियानो ऐकला. निघताना चपला जागच्या जागी, उलट कोणीतरी भिंतीला लावून नीट जोडून ठेवल्या होत्या.

नंतर खाली तळघरातल्या कॅफेत गेलो. तिथे जमिनीत जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यावर टेबलं. आईला मी ते सांगितलं नाही. सूप पिऊन झाल्यावर तिने खाली वाचलं. मग तिने पुन्हा चपला काढल्या.

बोलघेवडा

आईंना साष्टांग.

पंचवटीकर

अवांतर. आवाजाचं चाललंय म्हणून. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो ना? ती घंटा मुळात चर्चची. तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, १७२९ ची. वाईजवळ मेणवलीला एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू दिसतात. लहानपणी आम्ही गोदाकाठी खेळायचो, नारोशंकराची घंटा वर टांगलेली, कोणी वाजवताना कधी ऐकली नाही.

उमराळ्याचा

@पंचवटीकर, आमच्याकडे अजून गमतीने म्हणतात, घंटा कधी परत देताय?

पंचवटीकर

आधी पुरावा म्हणून पावती दाखवा. (दिवे घ्या.)

पोफळी

मी गोंयची, फोंड्याची. धागा सकाळपासून वाचते.

मोंतविषयी थोडं. जाणार असाल तर संध्याकाळी डासांचं मलम विसरू नका आणि सँडल चढाला बऱ्या घ्या. जागा सोळाव्या शतकातली, अलीकडे फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने दुरुस्त करून घेतली. तिथल्या महोत्सवात बाखही असतो आणि आपलं शास्त्रीयही. म्हणजे ‘वाः’ त्या भिंतींनी आधी ऐकलेली आहे.

दुसरं म्हणजे गोव्यात चर्चचं संगीत हे फक्त साहेबाचं म्हणून बघू नका. पोर्तुगीज काळात गावोगाव चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे गायनमास्तर, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. भात लावणाऱ्याचा पोरगाही नोटेशन वाचायचा. तीच पोरं पुढे मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील चर्चमध्ये गायनमास्तर, आणि यांनी पुढे मुंबईत प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. आपण रेडिओवर ज्या व्हायोलिनांवर माना डोलावल्या त्यांचं मूळ गावच्या चर्चच्या बाकावर आहे.

आणि घुमट. मातीच्या घटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बंदी म्हणून बकरीचं. चवथीला आमच्या आरतीत घुमट, शेजारी सालसेत तालुक्यात मांडो या ख्रिस्ती लोकगीताला घुमट. २०१९ मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. आमचे आजोबा म्हणायचे, घुमटाला धर्म विचारू नये, आधी उन्हात तापवावं.

मागची_रांग

सगळे इतकं गोड लिहितायत, मी जरा आंबट घालतो. अलीकडे मेणबत्त्यांच्या उजेडातल्या मैफलींचं पेव फुटलंय. एका शहरात (नाव नको) मी चांगले पैसे मोजून गेलो. मेणबत्त्या बॅटरीच्या. जागा खांबामागे. वादक दिसत नाहीत, आणि पुढच्या सगळ्यांचे मोबाइल वर, त्यामुळे मेणबत्त्याही दिसत नाहीत. तीन रचना ऐकल्या आणि खांब पाठ झाला. चर्चचं स्वच्छतागृह बंद, बाहेर रांग. यापेक्षा लायप्झिगच्या लेकीची मोटेट बरी.

लायप्झिगची_लेक

@मागची_रांग, खांब आमच्याकडेही आहेत. पण गाणारे कोणालाच दिसत नाहीत, त्यामुळे तुमचं नुकसान नाही. या.

कडक_इस्त्री

पोफळीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी एक पाऊल मागे घेतो. ‘वाः’ला माझी हरकत नाही, वेळेला आहे. आपल्याकडेसुद्धा जाणकार दाद समेवर देतो, तान चालू असताना टेबल बडवत नाही. त्या चॅपलमध्ये बो उचलला म्हणजे सम नव्हे. स्वर विरला, हात खाली आला, तिथे सम.

डेसिबल

हे मात्र बरोबर. शंभर माणसं भरलेल्या लहान चॅपलात दीड-दोन सेकंद. काकांनी तेवढंच थांबायचं होतं.

चार_तारा

दीड-दोन सेकंद! भावना आल्यावर घड्याळ कोण बघतं?

सांजवात_७

बापरे, एवढे प्रतिसाद. काकांना काल रात्री सगळा धागा वाचून दाखवला. नारोशंकराची घंटा ऐकून ते दुखावले, आत्या खूश झाली.

त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत टंकते:

“इस्त्रीवाल्यांचं पटलं. मी सम चुकलो. पण कारण सांगतो. तो स्वर संपला असं मला वाटलंच नाही, उलट तो वर जाऊन कोणाशी तरी बोलतोय असं वाटलं, आणि मी एकटाच गप्प बसलोय याची लाज वाटली. मिरजेला लहानपणी दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी गायची हजेरी लागायची, तिथे उघड्यावर बसून ऐकलेलं आहे. तिथे कोणी ‘वाः’ म्हटलं तर आत झोपलेल्यांना राग येईल असं आम्हाला कधी वाटलं नाही. बाकी तो पोरगा हसला. मी पाहिलं.”

आत्याचं म्हणणं अजून तेच आहे.

आता नवीन. पुढच्या महिन्यात मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलला (१७१८ चं, ज्याच्या वाटेवरच्या वेशीवरून चर्चगेट नाव पडलं तेच) गायकवृंदाचा कार्यक्रम आहे असं कळलंय. काका येणार म्हणतात. त्यांना कडेची जागा हवी, आत्याला त्यांच्यापासून तीन रांगा लांब हवी. तिथे आधी जाऊन जागा धरता येते का? आणि शनिवारी संध्याकाळी हॉर्निमन सर्कलजवळ गाडी कुठे लावायची?

झिपरी

लोकलने जा. चपला घालूनच आत जा.